हंग्री बेंगॉल

हंग्री बेंगॉल (अर्थ : भुकेला बंगाल) हे चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) यांचे १९४३ साली मुंबईहून प्रसिद्ध झालेले सचित्र इंग्रजी पुस्तक आहे. बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूर जिल्ह्यात पाहिलेल्या परिस्थितीचा वृत्तांत त्यात रेखाटने व मजकूर यांद्वारे दिला आहे. घटनास्थळी जाऊन केलेल्या रेखाटनांतून युद्धाची वा मानवी आपत्तीची नोंद ठेवणे यास चित्रवृत्तांकन म्हणता येईल. हे पुस्तक त्याचे भारतातील एक महत्त्वाचे उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर तेथून बंगालमध्ये येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातील नावा ताब्यात घेतल्या वा नष्ट केल्या. त्यामुळे मासेमारी व मालवाहतूक खुंटली. ऑक्टोबर १९४२ मधील चक्रीवादळाने मेदिनीपूरमधील पिकांची मोठी हानी केली. साठेबाजी व भाववाढीमुळे तांदूळ गरिबांच्या आवाक्याबाहेर गेला. तरीही सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केला नाही. पुढे चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख सांगितली. नंतरच्या अनेक अभ्यासकांच्या मते ती ३० लाखांच्या आसपास होती.

स्वरूप

चित्तप्रसाद हे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी मेदिनीपूरचा दौरा केला. भुकेने अस्थिपंजर झालेली माणसे व उद्ध्वस्त कुटुंबे त्यांनी काळ्या शाईत रेखाटली. अशी रेखाचित्रे साध्या कागदावरही अल्प खर्चात स्पष्ट छापता येत. अनेक रेखाटनांसोबत संबंधित व्यक्तीचे नाव, गाव व हकीकत दिलेली असे. त्यामुळे सरकारी अहवालांत केवळ आकडा ठरलेल्या काही माणसांची ओळख नोंदली गेली.

जप्ती व पुनर्मुद्रण

ब्रिटिश सरकारने पुस्तकाच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबीयांनी जपलेली एक प्रत मात्र बचावली. तिच्या आधारे २०११ साली दिल्लीतील एका कलादालनाने पुस्तकाची प्रतिरूप आवृत्ती काढली.

चित्तप्रसाद यांचे पुढे दीर्घकाळ वास्तव्य मुंबईतील अंधेरी येथे होते. तेथील काळात त्यांनी बालपण हिरावलेल्या, कष्ट करणाऱ्या मुलांवर लिनोकट मुद्राचित्रांची मालिका केली.