शिक्षकाच्या नकाराची बाजू

शाळेत टॅब आले, प्रोजेक्टर आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले. तरी वर्गात खडू-फळाच चालतो, कारण शिक्षक बदलायलाच तयार नाहीत, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. अधिकाऱ्यांच्या बैठकीत, पालकांच्या गप्पांत आणि शैक्षणिक सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या सादरीकरणात हे मत इतके मुरले आहे की त्याला पुरावा मागावा, असे कोणाला सुचतच नाही. त्यावरचा उपायही ठरलेला आहे: शिक्षकाची भीती घालवा आणि त्याला प्रशिक्षण द्या. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. शिक्षकाकडून तंत्रज्ञानाच्या वापरावर एखादे कृतिसंशोधन करून घ्या, म्हणजे तो आपसूक ‘तंत्रस्नेही’ होईल. माझा आक्षेप या निदानाला आहे, आणि त्याहून अधिक कृतिसंशोधनाला असे कामाला जुंपण्याला आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये. भीती असते, हे खरेच आहे. चाळीस मुलांसमोर पडद्यावरचे चित्र अडकले आणि ते कसे सोडवायचे हे गुरुजींना किंवा बाईंना कळले नाही, तर होणारी फजिती लहान नसते. वीस वर्षे हातखंडा असलेल्या माणसाला एका दिवसात नवशिका व्हावे लागते. काहींना नवे काही नकोच असते, हेही नाकारून चालणार नाही. प्रशिक्षणाने यातली काही भीती जातेही. पण ‘काही शिक्षक घाबरतात’ या निरीक्षणावरून ‘शिक्षक वापरत नाहीत, कारण ते घाबरतात’ या सिद्धांतावर उडी मारली जाते. ज्या शिक्षकांनी स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप, बँकेचे व्यवहार आणि खात्याला रोज हवी असलेली ऑनलाइन माहिती निमूटपणे सांभाळली, त्यांना पडद्याची भीती वाटते म्हणून ते वर्गात टॅब उघडत नाहीत, हे म्हणणे टिकत नाही. ते दुसऱ्या कशामुळे तरी थांबतात.

इतिहासही हेच सांगतो. 1913 साली थॉमस एडिसनने भाकीत केले होते की शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि मुले चलच्चित्रांतून शिकतील. त्यानंतर रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. प्रत्येक वेळी आशा तीच होती आणि निराशेनंतरचा आरोपीही तोच, म्हणजे शिक्षक. अमेरिकी शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी 1986 साली ‘टीचर्स अँड मशीन्स’ या पुस्तकात हा सगळा प्रवास तपासला. शिक्षक प्रत्येक साधनाला काही व्यवहारी प्रश्न विचारतात, असे त्यांना दिसले. हे सोपे आहे का? बिघडणार नाही ना? माझ्या वर्गाला हवे तसे वळवता येते का? फळा आणि पाठ्यपुस्तक या कसोट्यांना उतरले, म्हणून टिकले. तीही एके काळची नवी साधनेच होती, पण ती वापरावीत म्हणून शिक्षकांच्या मनोवृत्तीवर उपचार करावे लागले नाहीत. आपल्याकडे 1975-76 मध्ये साइट प्रकल्पातून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणी पोहोचली, त्यात शाळकरी मुलांसाठीचे कार्यक्रमही होते. 1984 पासून ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे संगणक आले. अशा प्रयोगांत तंत्रज्ञांनी मोठी कामगिरी केली. पण सोमवारी सकाळी तिसरीच्या वर्गात याचे काय करायचे, हा प्रश्न शिक्षकाला बरोबर घेऊन फारसा कोणी सोडवला नाही.

गुजरातमधले दोन अभ्यास मला इथे फार महत्त्वाचे वाटतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्याच्या पालिका शाळांत चौथीच्या मुलांना गणिताचे संगणकीय खेळ दिले, आणि मुलांचे गणित चांगलेच सुधारले. त्यांचे सहकारी ली लिंडन यांनी पुढे गुजरातमधल्याच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत संगणकाधारित गणिताची वेगळी तुलना केली. काही ठिकाणी संगणकाचा तास नेहमीच्या अध्यापनाची वेळ कापून घेतला, काही ठिकाणी तो शाळेच्या वेळेबाहेर जोडला. जिथे जोडला, तिथे मुले पुढे गेली. जिथे शिक्षकाचा तास काढून संगणकाला दिला, तिथे मुले संगणक नसलेल्या वर्गांच्याही मागे पडली. या दुसऱ्या प्रकारच्या शाळेत एखादी बाई म्हणाली असती, ‘माझा तास यंत्राला देऊ नका,’ तर आपण तिला जुनाट ठरवले असते. आणि तिचेच म्हणणे बरोबर होते.

शिक्षकाचा नकार नेहमी बरोबर असतो, असा याचा अर्थ नव्हे. पण त्याच्या शंकेत माहिती असते. ती माहिती बाहेर काढायची, तपासायची, चुकली तर सोडायची आणि टिकली तर तिच्यावर निर्णय उभा करायचा, हे कृतिसंशोधनाचे खरे काम आहे. कर्ट लेविन यांनी 1946 साली ही संज्ञा रूढ केली. 1953 साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरी यांनी तिला शाळेत आणले. इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 मध्ये त्याहून धीट भूमिका घेतली. त्यांच्या मते अभ्यासक्रम हा वरून उतरलेला आदेश नसतो. ती शिक्षकाने आपल्या वर्गात पडताळून पाहायची कल्पना असते. ही भूमिका मान्य केली तर टॅबचा दर्जा आपोआप ठरतो. तोही एक पडताळायचा दावा आहे. आणि जो दावा खोटा ठरूच शकत नाही, त्याची पडताळणी होत नसते.

आपल्याकडे नेमके इथेच घोडे अडते. डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाला कृतिसंशोधनाचा अहवाल माहीत आहे: समस्या, कारणे, परिकल्पना, उपाययोजना, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष. शेवटचे प्रकरण वाचायची गरजच नसते, कारण उपाययोजना यशस्वी झालेली असते. ‘ई-साहित्याच्या वापराने इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांच्या वजाबाकीतील चुका कमी करणे’ अशा शीर्षकातच उत्तर लिहून ठेवलेले असते. यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या अहवालाला गुण मिळणार, जो स्पर्धेला जाणार, जो अधिकाऱ्यांसमोर वाचला जाणार, त्यात ‘चालले नाही’ असे कोण लिहील? ‘शिक्षकाने तंत्रज्ञान स्वीकारावे म्हणून कृतिसंशोधन’ ही घोषणा याच रोगाची पुढची पायरी आहे. निकाल आधी ठरवून चौकशी लावायची आणि तिला संशोधन म्हणायचे.

मग खरे कृतिसंशोधन कसे दिसेल? एक उदाहरण घेऊ. द्विशिक्षकी शाळा, दुसरी-तिसरी एकत्र, शाळेत पाच-सहा टॅब. विषय हातच्याची वजाबाकी. 52 वजा 27 दिले की बरीच मुले 35 लिहितात. ती मुले निष्काळजी नसतात, त्यांचा एक नियम असतो: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. टॅबवर या घटकाचा गोड व्हिडिओ आहे, त्यात दशकाची मोळी सुटून दहा काड्या होतात. मुले तो आनंदाने पाहतात. बाईंना शंका आहे की मुले पाहतात, पण करत नाहीत. नेहमीच्या व्यवस्थेत या शंकेला दोनच वाटा असतात. टॅब कपाटात जातो, नाहीतर निरीक्षणाच्या दिवशी तेवढा बाहेर येतो.

कृतिसंशोधनाने तिसरी वाट उघडते. बाई शंकेचा नीट प्रश्न करतात: व्हिडिओ पाहिल्यानंतर 35 लिहिणारी मुले कमी होतात का, आणि आठवड्यानंतर ती पुन्हा 35 वर येतात का? मुलांच्या पाट्यांचे फोटो तारखेनिशी फोनमध्ये ठेवतात. दोन-तीन मुलांना बाजूला घेऊन ‘तू कसं केलंस, सांग’ म्हणतात. मुलगी सांगते, ‘हातचा घेतला, बारातून सात गेले पाच.’ वाक्य व्हिडिओतले आहे, पण पाटीवरचा पाच तसाच आहे, त्याचा चार झालेला नाही. म्हणजे मुलीने भाषा उचलली, कृती उचलली नाही. पुढच्या आवर्तनात बाई मोळी सुटण्याच्या क्षणीच व्हिडिओ थांबवतात, मुलांच्या हातात काड्यांचे गठ्ठे देतात, दोरा सोडायला लावतात, पाटीवरचा पाच खोडून चार लिहायला लावतात आणि मग व्हिडिओ पुढे नेतात. त्याच वेळी वहीत दुसरी नोंद होते: टॅबवर बोट कोणाचे असते? चौघांच्या गटात बहुतेक वेळा एकाच मुलाचे, आणि ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांचे सर्वांत कमी. तिसऱ्या आवर्तनात प्रत्येक गणितानंतर टॅब पुढच्या मुलाकडे सरकतो.

शेवटी बाई कदाचित ठरवतील की नवा घटक काड्यांनीच शिकवायचा, आणि टॅब सरावाला ठेवायचा, म्हणजे तिसरीची मुले सराव करत असताना दुसरीच्या मुलांजवळ बसता येते. किंवा व्हिडिओ नकोच, पण पाट्यांचे फोटो काढून चुकांचे नमुने पाहणे सोडायचे नाही, असे ठरेल. दोन्ही निष्कर्षांत तंत्रज्ञान वर्गात आले आहे, फक्त पुरवठादाराने सांगितलेल्या जागी नाही. आणि ज्या जागी आले आहे तिथून ते निरीक्षणाचा दिवस सरल्यावरही हलणार नाही, कारण त्यामागची कारणे बाईंनी स्वतः पाहिली आहेत.

ही परंपरा आपल्याला परकी नाही, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, तेव्हा माँटेसरीची साधने ही त्या काळची अत्याधुनिक वर्गसाधने होती. ती महागडी होती, आणि दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या परिस्थितीतल्या मुलांसाठी घडवलेली होती. ताराबाईंनी ती नाकारलीही नाहीत आणि जशीच्या तशी घेतलीही नाहीत. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, अनुताई वाघ साथीला होत्या. तत्त्व ठेवून साहित्य बदलले: बिया, शिंपले, पाने, खडे. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ‘पालकांची मानसिकता’ असा शेरा मारून त्या थांबल्या नाहीत. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. प्रश्न, प्रयत्न, निरीक्षण, बदल, पुन्हा प्रयत्न. कृतिसंशोधन याहून वेगळे काय असते? आपल्याच काळात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, त्याची सुरुवातही त्यांच्या स्वतःच्या वर्गातल्या गरजेतून झाली होती. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा आपण त्या कोडचे कौतुक केले. तो कोड ज्या प्रश्नातून निघाला, तसा आपला प्रश्न मांडण्याची मोकळीक बाकीच्या शिक्षकांना किती आहे, हे मात्र विचारले नाही. एका वर्गात सापडलेले उत्तर छापून सगळ्या वर्गांत वाटता येते. शोधण्याची क्रिया तशी वाटता येत नाही.

यावर विद्यापीठातून आक्षेप येतो: एका वर्गातल्या वीस मुलांवरून काय सिद्ध होते? शिवाय शिक्षिकाच प्रयोग करणार आणि तीच निकाल देणार, मग तटस्थता कुठली? पहिल्याला उत्तर असे की तिला सगळ्या महाराष्ट्रासाठी नियम सिद्ध करायचा नाही, या वर्गात उद्या काय करायचे ते ठरवायचे आहे. मोठ्या अभ्यासांची गरज आहेच, मी वर त्यांचाच आधार घेतला आहे. पण ‘सरासरीने फायदा होतो’ हे कळल्यावरही आपल्या वर्गात होतो का, हे कोणाला तरी पाहावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्यावरचा मार्ग स्टेनहाउस यांचे सहकारी जॉन एलियट यांच्या फोर्ड टीचिंग प्रोजेक्टने 1973 ते 1975 मध्येच दाखवला. एकाच तासाविषयी शिक्षकाचे, मुलांचे आणि मागे बसलेल्या निरीक्षकाचे म्हणणे वेगवेगळे नोंदवायचे आणि समोरासमोर ठेवायचे. जिथे तिघांचे जुळत नाही, तिथे शिकण्यासारखे असते. शेजारच्या वर्गाचे गुरुजी अर्धा तास मागे बसू शकतात. मुलांना विचारता येते. तारीख घातलेली पाटी तर कोणाची भीड धरत नाही.

वेळेचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. मतदारयादीचे काम, पोषण आहाराचा हिशेब, पोर्टलवरची माहिती, वीजबिल थकले की त्याचा पाठपुरावा, या सगळ्यावर आणखी एक अहवाल लादला तर तोही आधीच्या अहवालांसारखाच कागदावर यशस्वी होईल. म्हणून काही वाढवण्याआधी काही काढावे लागेल. केंद्रावर शिक्षण परिषद होतेच. तिथे परिपत्रके वाचण्यात जाणारा वेळ या कामाला द्यावा, कारण परिपत्रके तशीही फोनवर आलेली असतात. तीन-चार शिक्षकांनी आपापल्या वहीतली एकेक नोंद आणि पाट्यांचे फोटो मांडावेत, आणि केंद्रप्रमुखांनी त्या वेळेपुरते गुण देणे बंद ठेवावे. ‘चालले नाही’ म्हणणाऱ्याला आधी बोलू द्यावे. जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या अधिव्याख्यात्यांनी साचा न वाटता तिथे बसून प्रश्न धारदार करायला मदत करावी. आणि पुढच्या टॅबखरेदीची निविदा निघण्यापूर्वी या वह्या अटी लिहिणाऱ्याच्या टेबलावर असाव्यात, म्हणजे त्याला कळेल की पत्र्याखालच्या वर्गात पावसाळ्यात आवाज ऐकू येत नाही, खिडकीतल्या उजेडात पडदा दिसत नाही, पाड्यावरच्या मुलांना निवेदिकेची मराठी पहिल्या मिनिटाला सुटते, आणि काही व्हिडिओ हवे तिथे थांबवून मागे नेता येत नाहीत.