कोल्हापूरच्या पडद्यावरील कुटुंब आणि घरातील संवाद

कोल्हापूरच्या चित्रव्यवसायाचा इतिहास लिहिताना पौराणिक, ऐतिहासिक आणि ग्रामीण या तीन प्रकारांचाच विचार बहुधा होतो. परंतु याच शहरात, आणि येथून बाहेर पडलेल्या कलावंतांच्या हातून, कौटुंबिक कथेची जी परंपरा घडली तिच्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. घरातील माणसे एकमेकांशी काय बोलतात, काय बोलायचे टाळतात आणि त्यातून एकेका व्यक्तीला घरात स्वतःचे स्थान कसे मिळते किंवा नाकारले जाते, हा या परंपरेचा गाभा आहे. त्याचे स्वरूप लेखकाच्या इच्छेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कथा सांगायला किती अवधी हाताशी आहे यावर ठरत आले आहे.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ हा पौराणिक मूकपट काढला, आणि अवघ्या पाच वर्षांनी, १९२५ मध्ये, ‘सावकारी पाश’ काढून भारतीय पडद्यावर समकालीन शेतकरी कुटुंब आणले. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरातील गिरणीकडे वळणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. मूकपटात संवादासाठी दृश्यांच्या मध्ये दाखवल्या जाणाऱ्या अक्षरांच्या पाट्या तेवढ्या असत. त्यामुळे घरातील दुःख नजरेतून आणि हालचालींतून सांगणे भाग होते. या मूकपटाचे कथाकार नारायण हरी आपटे यांनीच पुढे बोलपटाच्या काळात घरातील बंडखोर शब्दालाही जन्म दिला, हा योगायोग मानता येत नाही, कारण व्यवस्थेच्या कचाट्यात सापडलेला एकटा माणूस हाच त्यांच्या लेखनाचा ध्यास होता.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा बोलपट येथेच तयार झाला आणि त्यात राजा हरिश्चंद्र व तारामती यांच्या विखुरलेल्या कुटुंबाची कथा पडद्यावर प्रथमच मराठी शब्दांत ऐकू आली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. तिथे १९३७ साली आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ निघाला. शांता आपटे यांनी साकारलेली नीरा फसवणुकीने एका वयस्क विधुराशी लावून दिलेले लग्न मानत नाही, आणि हा नकार ती मनात न ठेवता नवऱ्याच्या तोंडावर, सासरच्या माणसांसमोर मांडते. केशवराव दाते यांच्या वाट्याला आलेला नवरा खलनायक नाही. त्याला आपली चूक हळूहळू उमजते, परंतु प्रत्यक्ष बोलणे जमत नाही म्हणून अखेरीस तो पत्र लिहून ठेवतो आणि स्वतःचे जीवन संपवतो. स्त्रीने बोलावे आणि पुरुषाला बोलता येऊ नये, ही मांडणी त्या काळाच्या मानाने विलक्षण धीट होती, आणि मराठी पडद्यावरील कौटुंबिक संवादाचे मोजमाप आजही याच चित्रपटापासून सुरू व्हायला हवे.

प्रभात गेली तरी कोल्हापुरातील काम थांबले नाही. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्सने १९३६ मध्ये वि. स. खांडेकर यांच्या कथेवर ‘छाया’ काढला, ज्यात बापाच्या चोरीचा कलंक मुलांच्या आयुष्यावर पडतो. आणि १९४८ च्या जाळपोळीत होरपळलेला जयप्रभा स्टुडिओ पुन्हा उभा करणाऱ्या भालजी पेंढारकर यांनी १९६५ साली ‘साधी माणसं’मध्ये शहरात फसलेल्या लोहार दांपत्याची कथा करवीरच्या मातीतल्या बोलीत सांगितली. या सर्व बोलपटांना दोन-अडीच तासांची मर्यादा होती, म्हणून पात्रांना बोलणे टाळता येत नसे.

दूरचित्रवाणीने हे गणित उलटे केले. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मालिका हा रूढ प्रघात होता. परंतु १९९९ नंतर खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि रोज एक भाग दाखवणारी, शेवट न ठरलेली दैनंदिन मालिका रुजली. ई टीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. टीआरपी, म्हणजे किती घरांत कार्यक्रम पाहिला जातो याचा अंदाज देणारा आकडा, टिकवण्यासाठी गैरसमज लांबवणे हा लेखनाचा मुख्य उपाय ठरला. जे वाक्य सुनेने किंवा मुलाने एकदा स्पष्ट उच्चारले असते तर कथानक मिटले असते, ते महिनोन्‌महिने अडवून धरले जाऊ लागले.

कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात चित्रित झालेली झी मराठीवरील ‘तुझ्यात जीव रंगला’ ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०२१ या काळात दाखवली गेली. तिने कोल्हापुरी बोली राज्यभर पोहोचवली, तालमीतल्या पैलवानाला नायक केले, आणि मालिकेतील वाड्याच्या रूपाने वसगड्याला पर्यटकांचे आकर्षण दिले. हे श्रेय मोठे आहे. वहिनीसाहेबांवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा राणा आणि शिक्षिका अंजली पाठक यांची जोडी मुळात भिडस्त मनाला भाषा मिळण्याची सुंदर कल्पना होती, परंतु लांबलेल्या कारस्थानांच्या आवर्तनांत ती कल्पना विरत गेली.

या पार्श्वभूमीवर कोरियातील टीव्हीएन वाहिनीने जून-जुलै २०२० मध्ये दाखवलेली एक मालिका अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या मूळ नावाचा आशय ‘फारसे ठाऊक नसले तरी कुटुंबच’ असा आहे. वयस्क आई विवाहातून निवृत्त होण्याची, म्हणजे घटस्फोट न घेता वेगळे राहण्याची, इच्छा मुलांना सांगते. त्याच सुमारास अपघातात स्मृती हरवलेला बाप स्वतःला बावीस वर्षांचा समजू लागतो. आणि आपण एकमेकांना ओळखत नव्हतो हे एकेकाला कळत जाते. मालिका सोळा भागांत संपते, म्हणून प्रत्येक गुपिताला उघड होण्याची वेळ आधीच नेमलेली असते. मराठीला ही मर्यादा परकी नाही, कारण तेरा भागांचा प्रघात येथेच होता. मराठी वाहिन्यांनी दरवर्षी निदान एक कौटुंबिक मालिका ठरावीक भागांची आखावी, तिचा शेवट पहिला भाग चित्रित होण्यापूर्वी लिहून घ्यावा, आणि तिच्या चित्रीकरणासाठी कोल्हापूरच्या चित्रनगरीचा विचार प्रथम करावा.