काळ्या डागाचा मागोवा

तान्ह्या मुलाच्या दातांची कीड सुरू होते ती बहुधा वरच्या समोरच्या चार दातांपासून. हिरडीला लागून खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटते. ओठ वर उचलून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही. मग रेघ पिवळी पडते, तपकिरी होते, दाताच्या कडा तुटू लागतात. खालचे समोरचे दात मात्र जीभ आणि लाळ यांच्यामुळे सहसा वाचतात. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपणे, दिवसभर चहात बुडवलेले बिस्किट चघळणे, यात कारण सापडते. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले. तरी नांदेड-लातूरकडे आजही उत्तर एकच मिळते: दुधाचेच दात ते, पडणारच आहेत. समोरचे पडतात सहा-सात वर्षांचे झाल्यावर. दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. तोवर मूल जेवणार कशाने?

या किडीवरचे उपाय फार जुने आहेत. आयुर्वेदात तिला कृमिदंत म्हणतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोकळ झालेला दात गुळाने किंवा मेणाने भरून डागायला सांगितले आहे. दातातले भोक बुजवायचे आणि आतली कीड जाळायची, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. खेड्यापाड्यांत चालला तो दुसरा उपाय, भुईरिंगणीच्या बियांची धुरी. बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीने धूर तोंडात घ्यायचा, मग पाण्याच्या भांड्यावर तोंड उघडायचे. पाण्यावर तरंगणारे पांढरे वळवळीत धागे म्हणजेच कीड, असे सांगितले जाई. ते धागे खरे तर बियांमधलेच वळलेले अंकुर. दातात अळी नसते, हे फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ मध्येच लिहिले होते. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, ही उकल डब्ल्यू. डी. मिलरने १८९० मध्ये मांडली. तरीही धुरी घेणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. रात्रभर रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला जवळपास दुसरे काहीच मिळत नव्हते.

आज हाताशी असलेल्या औषधाची वाट चांदीची आहे. बॉस्टनमध्ये केवळ मुलांसाठी उभारलेल्या फोर्सिथ दंत रुग्णालयात पर्सी हाऊ याने १९१७ मध्ये अमोनिया मिसळलेले सिल्व्हर नायट्रेट किडलेल्या दातांवर लावायला घेतले. चांदी जंतू मारते, दात काळा पडतो, कीड थबकते. पुढे वेगवान ड्रिल आले, किडका भाग कोरून भरण्याची रीत सगळीकडे पक्की झाली आणि हाऊचे द्रावण मागे पडले. १९६९ च्या सुमारास जपानच्या ओसाका विद्यापीठात निशिनो आणि यामागा यांनी चांदीला फ्लोराइडची जोड दिली. चांदीने जंतू मरावेत, फ्लोराइडने मऊ पडलेला दात पुन्हा घट्ट व्हावा. हेच सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड.

हे औषध जपानात घडले, याचे मला विशेष वाटते. या औषधानेही किडका भाग काळा पडतो, आणि काळे दात हा तिथे शतकानुशतके विवाहित स्त्रीचा शृंगार होता. लोखंडाचे आंबवलेले पाणी आणि मायफळाची पूड दातांना लावत. १८७० मध्ये सरकारने उमराव घराण्यांना त्याची बंदी केली. आपल्याकडेही हे परके नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात दात काळे करणारी मिस्सी लावणे हे बायकांचे लेणे होते. मराठी घरांत त्यासाठी दातवण होते. हिराकस आणि मायफळ-हिरड्याचा तुरटपणा एकत्र आला की काळा रंग चढतो. आपल्या पणज्यांनी काळे दात मिरवले आहेत. म्हणून आजची आई ‘डाग पडेल’ म्हणून हे औषध नाकारते, तेव्हा तिला हा इतिहास सांगावासा वाटतो.

लावायची रीत अगदी साधी आहे. ओठांना व्हॅसलीन लावायचे, कापसाने दात कोरडा करायचा, बारीक ब्रशने औषध टेकवून मिनिटभर थांबायचे. सुई नाही, मशीन नाही, विजेची गरज नाही. एका थेंबात चार-पाच दात होतात. चांगला दात पांढराच राहतो. काळा पडतो तो किडलेला भाग, आणि काळा, टणक होणे हीच कीड थांबल्याची खूण. सुमारे ८० टक्के दातांत ती थांबते, असे अभ्यासांतून दिसले आहे. दाताच्या नसेपर्यंत पोचलेली कीड, पू, सूज असेल तर मात्र हे चालत नाही. तिथे दंतवैद्याकडेच जायला हवे. काळेपणा फारच खटकला तर वरून दाताच्या रंगाचे ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येते.

किनवटकडे फ्लोराइड म्हटले की लोक दचकतात. विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने तिथे दातांवर डाग पडलेले त्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे ती भीती रास्त आहे. पण एका थेंबात फ्लोराइड असते साधारण सव्वा मिलिग्रॅम. मर्यादेतल्या, म्हणजे १.५ मिलिग्रॅमच्या, एक लिटर पाण्यातही त्याहून जास्त असते; आणि असे पाणी मूल रोज पिते, औषध वर्षातून दोनदा लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. दंतवैद्याखेरीज प्रशिक्षित आरोग्य कर्मचारीही ते लावू शकतो, हा त्याचा मोठा गुण. मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली. तपासायच्या आजारांत दातांची कीडही आहे. त्याच्या तपासणी पथकात दोन आयुष डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता असतात. मुलांची तोंडे तिथे उघडली जातातच, कीड नोंदवली जातेच, आणि चिठ्ठी देऊन तालुक्याला पाठवले जाते. तिथवर पोर घेऊन जायचे तर आईचा एका दिवसाचा रोज बुडतो. हे पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाते. चांदीच्या औषधाचा हातही सहा महिन्यांनीच पुन्हा द्यायचा असतो. पथकाच्या पेटीत ती छोटी बाटली ठेवायला हवी.