देवगिरीचा कातळ आणि कोठार



वेरूळची लेणी पाहून खुलताबादचा घाट उतरू लागले की समोर शंकूच्या आकाराचा एक एकाकी डोंगर दिसतो. तोच देवगिरी ऊर्फ दौलताबाद. यादव राजा पाचवा भिल्लम याने सुमारे ११८७ मध्ये येथे राजधानी वसविली. अजिंक्य म्हणून ज्याची ख्याती, तो किल्ला शत्रूच्या हाती गेला कसा, एवढाच प्रश्न आम्ही आज घेणार आहोत.

प्रथम रचना पाहू. सर्वांत बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि डोंगराच्या पायथ्याशी कालाकोट. हे सारे तट यादवांचे नव्हेत. बहामनी व निजामशाही काळांत त्यांत पुष्कळ भर पडली. दरवाजे एका रेषेत नाहीत. वाट वळणे घेते, त्यामुळे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. शिवाय फळ्यांवर लोखंडी सुळे आहेतच. पुढे कातळात खोदलेला खंदक लागतो. वेरूळला ज्या काळ्या दगडातून कैलास कोरला, त्याच जातीचा दगड येथे तासला, तो मात्र वाट तोडण्यासाठी. शे-दीडशे फुटांचा कडा सरळ उभा राहिला. वर जाण्यास एकच मार्ग, तो डोंगराच्या पोटातून. त्याला अंधारी म्हणतात. तिचे वरचे तोंड लोखंडी झाकणाने बंद करून त्यावर जाळ पेटवीत, म्हणजे आतला शत्रू धुराने गुदमरे.

आता इतिहास पाहू. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अचानक येऊन ठेपला. सैन्याचा मोठा भाग युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेला होता. रामदेवराव गडावर चढला. फरिश्ता लिहितो, की घाईघाईने वर नेलेली पोती उघडली, तेव्हा त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले! शंकरदेव परतून लढला, पण हरला. राजाला अपार खंडणी देऊन तह करावा लागला.

पुढे १६३३ मध्ये मोगलांचा महाबतखान आला. किल्ल्यात मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान होता. सुरुंगांनी बाहेरचे तट फुटले; आत उपासमार माजली. विजापूरच्या फौजेने वेढा उठविण्याची खटपट केली. तिच्यात शहाजीराजेही होते, याच वेरूळच्या भोसल्यांच्या घराण्यातले. रसद काही आत पोहोचली नाही आणि फत्तेखानाने किल्ला खाली करून दिला.

म्हणजे दोन्ही वेळा कडा कोणी चढला नाही, अंधारीतूनही कोणी वर आला नाही. कातळ शाबूत राहिला. रिकामे झाले ते कोठार. पुढे मराठ्यांच्या 'आज्ञापत्रा'त गड बांधण्याआधी पाणी पाहावे, साठा राखावा, असे बजावले गेले, त्यामागे असेच अनुभव असले पाहिजेत. देवगिरीचा कडा पाहून आपण थक्क होतो, ते योग्यच. पण गड पाहताना तटाबरोबर टाके आणि कोठार पाहण्यासही विसरू नये, इतकेच आमचे सांगणे आहे.