अवकाश वेधशाळांची विदाव्यवस्था

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर फिरणाऱ्या दूरदर्शकाने टिपलेल्या नोंदी उपग्रहावर साठविणे, त्या बिनचूक जमिनीवर आणणे व अभ्यासासाठी जतन करणे, या सर्व योजनेस विदाव्यवस्था म्हणतात. गॅमा किरणांचा स्फोट पुष्कळदा काही सेकंदांतच संपतो. त्याची नोंद हुकल्यास ती कायमचीच जाते. हबल दूरदर्शकासारखा अपवाद वगळता दुरुस्तीसाठी तेथवर कोणी जाऊही शकत नाही.

भारतास याचा अनुभव प्रारंभीच आला. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या आर्यभट उपग्रहावर क्ष-किरण ज्योतिषशास्त्राचा प्रयोग होता. विद्युत् पुरवठ्यातील बिघाडामुळे तो चार-पाच दिवसांतच थांबला. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची क्ष-किरण उपकरणे पाठविण्यात आली. केवळ ज्योतिषशास्त्रासाठी बांधलेली भारताची पहिली वेधशाळा मात्र २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेली ॲस्ट्रोसॅट ही होय.

सु. ६५० किमी. उंचीवरील या उपग्रहाच्या दृष्टिपथात बंगळूरजवळील ग्राहक केंद्र प्रत्येक फेरीत थोडाच वेळ येते व काही फेऱ्यांत येतच नाही. म्हणून १६० गिगाबिट क्षमतेच्या स्मृतिसंचाची व सेकंदास २१० मेगाबिट वेगाने विदा उतरविण्याची योजना करण्यात आली. लागोपाठच्या दोन उतरवणींत काही नोंदी दुबार येतात. त्या जमिनीवर गाळाव्या लागतात.

पुण्याच्या आयुका या संस्थेचा सहभाग असलेल्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरणाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. त्यात १६,३८४ सूक्ष्म घटक असून प्रत्येक फोटॉनाची वेळ (२० मायक्रोसेकंदांपर्यंत), ऊर्जा व घटकाचे स्थान वेगवेगळे नोंदले जाते. केवळ बेरजा पाठविल्या असत्या, तर स्मृती वाचली असती. पण मग शेजारच्या दोन घटकांत एकाच क्षणी झालेल्या नोंदी ओळखता आल्या नसत्या. अशा जोडनोंदींवरूनच किरणांचे ध्रुवण मोजता येते व कर्क अभ्रिकेतील स्पंदकाविषयीचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष त्यांवर आधारलेले आहेत. याच स्पंदकाचा उपयोग घड्याळ तपासण्यासाठीही झाला. त्याचा आवर्तकाल सु. ३३ मिलिसेकंद असून त्याच्या क्ष-किरण स्पंदांच्या वेळा नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दूरदर्शकाने व उटीच्या रेडिओ दूरदर्शकाने घेतलेल्या वेधांशी ताडून पाहण्यात आल्या.

जतनाची चिंता तशी जुनीच. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, असे तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखावरून कळते. तेथे जतन व्हायचे ते सिद्धांतग्रंथ. अवकाश वेधशाळेत मूळ वेध जपावे लागतात. ॲस्ट्रोसॅटची मूळ विदा शून्यस्तर म्हणून अलग ठेवतात. काल व दिशा यांच्या माहितीसह मांडलेला पहिला स्तर उपकरणनिहाय केंद्रांकडे जातो व तेथे अभ्यासयोग्य दुसरा स्तर तयार होतो. उपकरणाचे अंशशोधन सुधारले की, जुन्या वेधांवर नव्याने संस्करण करता येते. हा संग्रह २०१८ मध्ये सर्वांस खुला करण्यात आला.