तंद्री लागते तेव्हा

आई गोधडी शिवायला बसली की तिला हाक मारून उपयोग नसे. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून ती कडेनं धावदोरा घालत निघायची. एक फेरा पुरा झाला की बोटभर आतून दुसरा, मग तिसरा, असं करत मध्याकडे. एखादा टाका लांब पडला तर डोळ्यांआधी बोटांना कळायचं. तेवढाच उसवून पुन्हा घालायची. शेजारी ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरायची. पण गोधडी पुरी झाली की तिचं त्यातलं लक्षच उडे. घडी घालून गोधडी फळीवर जायची, आणि त्याच संध्याकाळी पुढच्या गोधडीसाठी ट्रंकेतली लुगडी धुंडाळणं सुरू.

हे मला लहानपणी विचित्र वाटे. नेमकं हेच विचित्र एका माणसाला १९६०च्या दशकात शिकागोत दिसलं आणि त्यानं त्याच्यामागे सगळं आयुष्य घातलं. कलाशाळेतले तरुण चित्रकार कसे काम करतात, याचा तो अभ्यास करत होता. चित्र रंगात आलं की ही मुलं तहान, भूक, थकवा विसरत. चित्र संपलं की ते भिंतीला टेकवून ठेवत आणि कोऱ्या कॅनव्हासकडे वळत. मानसशास्त्राचा त्या वेळचा हिशेब सरळ होता : माणूस काम करतो ते बक्षिसासाठी किंवा शिक्षेच्या भीतीनं. इथे पैसा नव्हता, नावाची खात्री नव्हती आणि तयार चित्राचंही फारसं अप्रूप नव्हतं. मग ही मुलं कशासाठी राबत होती?

या अभ्यासकाचं नाव मिहाय चीकसेंटमिहायी. उच्चारताना जीभ अडखळते, पण नाव आपल्या ओळखीच्या घडणीचं आहे. ट्रान्सिल्व्हानियात चीक नावाचा मुलूख, तिथे सेंट मायकेलच्या नावाचं गाव आणि त्या गावचा तो चीकसेंटमिहायी. आपण गावाच्या नावाला ‘कर’ लावतो, हंगेरियन माणूस ‘ई’ लावतो. जन्म १९३४चा, तेव्हा इटलीत असलेल्या फ्यूमे शहरातला. वडील हंगेरीचे राजनैतिक अधिकारी. दुसऱ्या महायुद्धानं घर मोडलं. एक सावत्र भाऊ बुडापेस्टच्या वेढ्यात मारला गेला, दुसऱ्याला सोव्हिएत फौजांनी श्रमछावणीत नेलं. काल ज्यांचा रुबाब होता ती मोठी माणसं हुद्दा आणि घर जाताच आतून कशी ढासळतात, हे या पोरानं पाहिलं. स्वतः इटलीतल्या एका छावणीत असताना तो बुद्धिबळ खेळायला शिकला. पट मांडला की छावणी नाहीशी होते, तासन्‌तास, हा त्याचा पहिला शोध. पुढे वडिलांनी पद सोडलं आणि कुटुंबानं रोममध्ये खानावळ काढली, तेव्हा शाळा सोडून तो तिथे हाताखाली राबला. एकदा स्वित्झर्लंडमध्ये, खिशात पैसे नाहीत म्हणून, उडत्या तबकड्यांवरच्या फुकट व्याख्यानाला जाऊन बसला. वक्ते होते मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग. मन हाही अभ्यासाचा विषय असतो हे तिथे कळलं, आणि बाविसाव्या वर्षी तो मानसशास्त्र शिकायला अमेरिकेला गेला.

चित्रकारांवरून तो इतरांकडे वळला. कडे चढणारे गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, संगीतकार, शल्यविशारद. प्रत्येकाला विचारायचं एकच : काम अगदी मनासारखं चाललेलं असताना आत काय होतं? वर्णनं चकित करण्याइतकी सारखी निघाली. पुढची पायरी स्पष्ट दिसते. जमलं की चुकलं, हे तिथल्या तिथे कळतं. काम कौशल्याला पुरून उरणारं नसतं, पण आळसावू देणारंही नसतं. मी कोण, लोक काय म्हणतील, किती वाजले, हे सगळं गळून पडतं. आधी त्यानं यासाठी ग्रीक धातूंतून जड शब्द योजला होता, ‘ऑटोटेलिक’, म्हणजे जिचा हेतू तिच्यातच आहे अशी कृती. पण मुलाखती देणारे पुन्हा पुन्हा वाहण्याची उपमा देत होते : जणू प्रवाह नेतोय, आपण फक्त वाहतोय. त्यानं त्यांचाच शब्द उचलला. १९७५च्या ‘बियॉन्ड बोअरडम अँड अँग्झायटी’ या पुस्तकात ‘फ्लो’ आला, आणि १९९०च्या ‘फ्लो’नं तो जगभर नेला. राबणाऱ्यांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा शास्त्रात आला, याचं मला फार मोल वाटतं.

नंतर आठवून सांगितलेलं कितपत खरं, ही शंका त्यालाही होती. म्हणून त्यानं लोकांच्या कमरेला पेजर लावले. आठवडाभर, दिवसातून साधारण आठ वेळा, केव्हाही तो वाजणार. वाजला की तेव्हा काय करत होतात आणि कसं वाटत होतं, हे लगेच वहीत लिहायचं. ७८ नोकरदारांचा असा अभ्यास १९८९मध्ये छापून आला. कामावर असताना ५४ टक्के नोंदी फ्लोच्या होत्या, फुरसतीत अवघ्या १८ टक्के. तरीही कामावर असताना हीच माणसं लिहीत होती, की आत्ता दुसरं काहीतरी करत असतो तर बरं. सुख कुठे आहे याचा आपला अंदाज इतका चुकू शकतो, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

पुढे हे काम एका नव्या शाखेचा भाग झालं. १९९८मध्ये मार्टिन सेलिग्मन अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. महायुद्धानंतर आपण फक्त आजार तपासत आलो, चांगलं जगणं तपासायचं राहिलंच, असं त्यांचं म्हणणं. ‘पॉझिटिव्ह सायकॉलॉजी’ हे शब्द मानसशास्त्रज्ञ मॅस्लोनं १९५४मध्येच वापरले होते, पण २००० साली सेलिग्मन आणि चीकसेंटमिहायी यांनी मिळून लिहिलेल्या लेखानंतर त्या नावाची शाखा उभी राहिली. सेलिग्मन यांनी २०११मध्ये सुस्थितीचे पाच घटक मांडले, त्यांत गढून जाणं हा एक. आज कंपन्यांच्या कार्यशाळांत फ्लो शिकवला जातो तो काम जास्त निघावं म्हणून. मला ते खटकतं, कारण ज्याचा हेतू त्याच्यातच, तो धागाच तिथे तुटतो. आणि फ्लो म्हणजे पुण्य नव्हे हेही खुद्द चीकसेंटमिहायी यांनी बजावून ठेवलं होतं. माणूस जुगारातही गढतो, लढाईतही.

योगाकडे चीकसेंटमिहायी आदरानं पाहत. हा अनुभव घडवण्याच्या सर्वांत जुन्या आणि शिस्तशीर पद्धतींत त्यांनी योग गणला. आपल्या बोलीत मात्र या अनुभवाला अनेक घरगुती नावं आहेत, आणि बहुतेकांना क्रियापद एकच : तंद्री लागते, सूर लागतो, नाद लागतो, ब्रह्मानंदी टाळी लागते. ध्यान लावता येतं, दिवा लावता येतो, तंबोरा लावता येतो. तंद्री लावता येत नाही, ती लागते. चाळीस वर्षांच्या मुलाखती आणि पेजरच्या नोंदी याच ‘लावणे’ आणि ‘लागणे’च्या मधल्या जागेत आहेत. मांडामांड माणसाच्या हातची, पुढचं आपोआप.

आई बसण्याआधी ऊन कुठवर आलंय ते बघून सतरंजी सरकवायची. तीन-चार सुया आधीच ओवून उशीच्या कोपऱ्याला टोचून ठेवायची. मग चष्मा पुसायची, आणि कोपऱ्यातला पहिला टाका घालायची.