लाटक्यांची कुळकथा

सणाच्या पक्वान्नाला वय असतें, हें आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. जो पदार्थ आजीनें केला, तो तिच्या आजीनेंही केलाच असेल, आणि म्हणून तो सणाइतकाच जुना असला पाहिजे, असें मन परस्पर ठरवून टाकतें. एकादशीच्या फराळांतील बटाट्याचा कीसच घ्या. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या सोवळ्या घरांतूनही तो निःशंकपणें शिजत आला. तरी बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. त्याचें मराठी नांव पोर्तुगिजांकडून आलेलें. आणि कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं या देशांतील एकाही व्रतस्थानें तो डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. ज्याचा शास्त्रांत निषेध नाहीं तें चालतें, या न्यायानें तो उपवासाच्या पानांत येऊन बसला. आतां त्याला तेथून उठवूं पाहणाऱ्यासच लोक पाखंडी म्हणतील.

याच कंदानें यहुदी लोकांच्या एका सणांतही असाच शिरकाव केला आहे. ती हकीकत मात्र आपल्या फराळाच्या हकीकतीइतकी हलकीफुलकी नाहीं.

हनुका हा यहुद्यांचा सण बहुधा डिसेंबर महिन्यांत येतो. आठ रात्रीं दिवे लावावयाचे. पहिल्या रात्रीं एक, दुसऱ्या रात्रीं दोन, अशी चढती ओळ. या दिवसांत ज्या कुटुंबांचें मूळ पूर्व युरोपांत आहे त्यांच्या घरीं 'लाटके' तळले जातात. कच्चा बटाटा किसून घट्ट पिळावा, त्यांत कांद्याचा कीस, अंडें, मीठ आणि मूठभर पीठ कालवावें, आणि तो गोळा चमच्यानें गरम तेलांत सोडून, चपटा करून, कडा तांबूस व कुरकुरीत होईतों तळावा, एवढीच कृति. अलीकडे या कृतींत नाना प्रयोग चालतात. कोणी बीट घालतें, कोणी गाजर, कोणी रताळें, कोणी कोबी. त्याबरोबर घरोघरीं एक वादही रंगतो: तरुण सुना-मुली नवें करूं पाहतात, आणि म्हातारीं माणसें म्हणतात, खरा लाटका तो बटाट्याचाच, बाकीचे नुसते वडे. या वादांत कोणाची बाजू खरी हें ठरविण्यापूर्वीं लाटक्यांची कुळकथा पाहणें बरें.

सणाचा इतिहास थोडक्यांत असा. इसवी सनापूर्वीं १६७ च्या सुमारास सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस यानें यहुद्यांचा धर्म मोडण्याचा उद्योग आरंभिला. सुंता आणि शनिवारचा विसावा यांस बंदी झाली, आणि जेरुसलेमच्या मंदिरांत झ्यूस देवाची पूजा सुरू झाली. मोदिइन गांवचा पुरोहित मत्तथ्या आणि त्याचे पांच पुत्र यांनीं बंड उभारलें. त्यांपैकीं यहूदा मक्काबी यानें इसवी सनापूर्वीं १६४ मध्यें मंदिर परत घेतलें, आणि किसलेव महिन्याच्या २५ व्या दिवशीं त्याची पुनःप्रतिष्ठा केली. हनुका या शब्दाचा अर्थच मुळीं प्रतिष्ठापना असा आहे.

आतां मौज पाहा. लाटके तेलांत कां तळावयाचे, तर मंदिरांत एका दिवसापुरतेंच शुद्ध तेल सांपडलें असतां तें आठ दिवस जळलें, त्या चमत्काराचें स्मरण म्हणून. परंतु मक्काब्यांच्या पहिल्या दोन ग्रंथांत, जे या लढ्याला सर्वांत जवळचे, या तेलाचा कोठें उल्लेख नाहीं. दुसरा ग्रंथ आठ दिवसांचें कारण निराळेंच देतो: रानांत लपून राहिल्यामुळें त्या लोकांचा मांडवांचा सण बुडाला होता, तो त्यांनीं नंतर आठ दिवस साजरा केला. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा जोसीफस या सणाला दिव्यांचा सण म्हणतो, पण तेलाची गोष्ट त्यालाही ठाऊक दिसत नाहीं. ती आपल्याला भेटते ती बाबिलोनी ताल्मुदांत, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनीं. तेव्हां कढईचा सणाशीं जो धागा आहे, तोच मुळीं मागाहून विणलेला आहे.

याच ठिकाणीं आपल्या कोंकणाचा या इतिहासाशीं एक विलक्षण संबंध येतो. कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले आणि घाण्यावर तेल गाळीत आले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. या तेल्यांना तेलाचा सण तेवढा ठाऊक नव्हता! आपले पूर्वज मायदेशांतून निघाले तेव्हां तो सुरूच झालेला नव्हता, असें त्यांच्यांतील जाणते लोक या गोष्टीचें कारण देत. त्यांचे इतिहासकार केहिमकर, ज्यांचें पुस्तक १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापलें गेलें, त्यांचें आगमन अँटायोकसाच्याच काळांत घालतात. या कालनिर्णयाला पुरावा अपुरा आहे, आणि सर्व संशोधक तो मान्य करीत नाहींत. परंतु एकोणिसाव्या शतकांत कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून आणि इतर यहुद्यांच्या सहवासानें ज्या चाली त्यांच्यांत नव्यानें रुजल्या, त्यांत हनुकाही होता. सण जुना, लोक जुने, आणि दोघांची भेट मात्र नवी.

असो. तेलाच्या कथेशेजारीं मध्ययुगांत आणखी एक कथा या सणाला चिकटली, ती यूदिथ नांवाच्या विधवेची. शत्रूचा सेनापति होलोफर्नीस यास तिनें गुंगवून त्याचा शिरच्छेद केला. मूळ ग्रंथांत तो मद्यानें गुंगतो. पुढील कथेकऱ्यांनीं तिच्या हातून त्याला दुधाचे पदार्थ चारविले. क्राकाव येथील प्रख्यात धर्मशास्त्री मोशे इस्सेर्लीस (मृत्यु १५७२) यानें लिहून ठेवलें आहे कीं, कित्येकांच्या मतें हनुकांत चीज खावें, कारण हा चमत्कार दुधामुळें घडला. अर्थात् बटाट्याच्या पूर्वीं या सणाचा मान चीजला होता, आणि चीजच्या तळलेल्या टिकल्या हे लाटक्यांचे वडील पूर्वज. ज्यांना बटाट्याखेरीज लाटका सोसत नाहीं, त्यांनीं हें एवढें ध्यानांत ठेवावें.

मग चीज गेलें कां? याचें उत्तर हवापाण्यांत आणि धर्मशास्त्रांत आहे. पोलंड, लिथुआनिया, युक्रेन हे प्रदेश थंड. तेथें जैतून पिकत नाहीं, त्याचें तेल दुरून येणार आणि गरिबाला न परवडणार. डुकराची चरबी निषिद्ध. उरलें काय, तर हंसाची चरबी. हिवाळ्याच्या तोंडाशीं पोसलेले हंस कापीत, आणि त्यांची चरबी कढवून मडक्यांत भरून ठेवीत. हनुका नेमका याच दिवसांत येतो. पण मांस आणि दूध एकत्र करावयाचें नाहीं, हा यहुद्यांचा कडक नियम. हंसाच्या चरबींत चीज तळतां येत नाहीं. म्हणून चीजची जागा राय आणि कुट्टू यांच्या पिठाच्या धिरड्यांनीं घेतली. आजही लाटक्यांबरोबर कोणी आंबट साय घेतात, कोणी सफरचंदाचा मुरंबट गर घेतात. याला नुसती रुचि कारण नाहीं. ज्या घरांत चरबींत तळीत तेथें साय चालतच नव्हती. तिच्या जागीं सफरचंद आलें.

हें सर्व होईपर्यंत बटाट्याचा पत्ता नव्हता. अँडीज पर्वतांतला हा कंद सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्पेनला पोंचला, परंतु युरोपच्या शेतकऱ्यानें त्याला फार काळ जवळ केलें नाहीं. प्रशियाच्या फ्रेडरिकला १७५६ मध्यें त्याच्या लागवडीसाठीं हुकूम काढावा लागला. रशियांत तर १८४० च्या सुमारास सक्तीच्या लागवडीविरुद्ध शेतकऱ्यांनीं दंगे केले. अखेरीस भुकेनें जें केलें तें हुकुमांना साधलें नाहीं. धान्याचीं पिकें बुडालीं, राय महाग झाली, आणि थोड्या जमिनींत पुष्कळ पोटें भरणारा हा कंद लोकांनीं मुकाट्यानें स्वीकारला. रशियाच्या बादशाहींत यहुद्यांना १७९१ पासून ठराविक पश्चिम प्रांतांतच राहण्याची मुभा होती. तेथील लहान लहान गांवांतून दाटीनें राहणाऱ्या या लोकांचें दैन्य एकोणिसाव्या शतकांत वाढतच गेलें. आठवड्याच्या सातही वारीं बटाटाच कसा खावा लागतो याचें एक लोकगीतच त्यांच्या यिडिश भाषेंत आहे.

म्हणून बटाट्याचा लाटका हें मूळचें पक्वान्न नव्हे. जें रोज उकडून खावें लागे, तेंच सणाच्या दिवशीं किसून, वर्षाची राखलेली चरबी उदारपणें ओतून तळलें, म्हणजे तें पक्वान्न झालें. सणाचा सगळा थाट त्या चरबींत होता. बटाटा नुसता हातांशीं असलेला. गरिबाच्या घरच्या गृहिणीनें केलेली ही युक्ति आहे, आणि ती कोणत्याही ग्रंथांत नोंदली गेली नाहीं, कारण अशा युक्त्या नोंदण्याची चालच नसते.

लाटके या शब्दांतही एक गंमत लपली आहे. तो यिडिशमध्यें आला स्लाव्ह लोकांच्या 'ओलाद्का' या शब्दावरून, आणि तो शब्द ग्रीक 'एलायोन' म्हणजे जैतुनाचें तेल याच्या कुळांतला. ज्या सणांत ग्रीक सत्तेचा पाडाव साजरा करावयाचा, त्याच्या पक्वान्नाचें नांव ग्रीक! परंतु नांवानें तेलाचा वारसा सांभाळला, हेंही खरें. ज्या देशांत जैतुनाचें झाड उगवत नाहीं तेथें त्याचें तेल शब्दांत शिल्लक राहिलें. हिब्रूंत याच पदार्थाला 'लेव्हिव्होत' म्हणतात. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत दाविदाची कन्या तामार आपल्या भावासाठीं जो पदार्थ करते त्याचें हें नांव. त्या पदार्थांत बटाटा असणें शक्यच नाहीं.

१८८१ नंतरच्या दंगलींनीं आणि दारिद्र्यानें वीस लाखांहून अधिक यहुदी, १९२४ च्या निर्बंधांपूर्वीं, अमेरिकेंत गेले. त्यांच्याबरोबर लाटका आपल्या बटाट्याच्या मूळ खंडाकडे परतला, असें म्हटलें तरी चालेल. तेथें हंसाची चरबी मागें पडली. १९११ मध्यें सरकीच्या तेलापासून केलेलें क्रिस्को हें घट्ट वनस्पति-तूप बाजारांत आलें. तें मांसाबरोबर चाले आणि दुधाबरोबरही. कंपनीनें १९३३ मध्यें यहुदी गृहिणींसाठीं यिडिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पाककृतींचें पुस्तक काढलें. नाताळच्या शेजारामुळें हनुका हा मूळचा लहानसा सण अमेरिकेंत मोठा झाला, आणि त्याबरोबर लाटकाही. शिकागो विद्यापीठांत १९४६ पासून लाटका श्रेष्ठ कीं पुरीम सणाची त्रिकोणी करंजी श्रेष्ठ, यावर विद्वान् प्राध्यापक गंभीर चेहऱ्यानें वाद घालीत आले आहेत.

त्याच वेळीं मागें राहिलेल्यांचें काय झालें, हें सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होत नाहीं. लिथुआनिया, व्होलिनिया, गॅलिसिया येथील ज्या गांवांत बटाट्याचा लाटका जन्मला, तीं गांवें १९४१ ते १९४४ या काळांत यहुद्यांपुरतीं निर्मनुष्य झालीं. युरोपांतील सुमारें साठ लाख यहुदी मारले गेले. त्यांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांची आतां एवढीच खूण उरली आहे: समुद्रापलीकडे गेलेल्या एखाद्या बहिणीला, मुलीला हातानें येणारी एक कृति. म्हणून एखादी वृद्धा बिटाच्या लाटक्याकडे पाहून तोंड फिरविते, तेव्हां तिला केवळ हट्टी म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. इतिहासाच्या बाजूनें तिचें म्हणणें टिकत नाहीं. पण ती इतिहास सांगत नसते, ती कोणाची तरी आठवण राखीत असते.

तरीही नवे प्रयोग करणाऱ्यांचा पक्ष आम्हांस बळकट दिसतो. चीज गेलें, पीठ आलें. पीठ गेलें, बटाटा आला. चरबी गेली, सरकी आली. प्रत्येक वेळीं जें बदललें तें बाजार आणि ऋतु यांमुळें. जें टिकलें तें तळणें. मात्र प्रयोग करावयाचा तर बटाटा लाटक्यांत काय काम करतो हें कळलें पाहिजे. तो गोळा बांधतो तो आपल्या पिठूळ सत्त्वानें. गाजर किंवा बीट यांत हें सत्त्व नाहीं, तेव्हां त्यांना अर्धा बटाटा किंवा जास्त अंडें व पीठ यांची जोड हवी. भोंपळ्याला पाणी सुटतें. मीठ लावून तो आधीं पिळावा. रताळ्यांत साखर अधिक, म्हणून तें लवकर काळवंडतें. आंच मंद ठेवावी. कांदा बटाट्याबरोबर आळीपाळीनें किसला तर बटाटा लवकर काळा पडत नाहीं.

आणि जाणत्या बाया आणखी एक गोष्ट करतात. किसाचें पिळून काढलेलें पाणी त्या फेंकून देत नाहींत. भांडें थोडा वेळ तसेंच ठेवतात. वरचें तांबूस पाणी अलगद ओतून दिलें कीं तळाशीं पांढरा, घट्ट थर बसलेला दिसतो. तो बोटांनीं खरवडून त्या पुन्हां किसांत कालवतात, आणि मग कढई चढवितात.